पत्र्याच्या पेटीतली वंशावळ

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर उर्दूत चालायचं. त्यामुळे सोनारीसारख्या गावात जुन्या पेटीत उर्दू किंवा मोडी कागद निघाला, तर वाचता येत नाही म्हणून चुलीत घालू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशाच कागदांचा शोध सुरू झाला.

पेटी हलकी करायची, तर जुनी बिलं, दुबार झेरॉक्स काढा. खासरा पत्रक, फेरफार, वाटणीपत्र, शाळेचा दाखला जपा. उजेडात मोबाईलवर फोटो घ्या, त्याला नाव आणि साल द्या, दोन ठिकाणी ठेवा. फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू नका. कचेरीत तोच मागतात.

वंशावळीत मात्र बहुतेक आजे-पणजेच असतात. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. मग नव्यानं उतरवताना आपण आजी, आत्या, लेकी, सगळ्यांची नावं लिहू. पणजीचं नाव सांगणारी म्हातारी घरात असेल, तर तिला आजच विचारा.