‘नंतर करू’चे एकोणसाठ दिवस

वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामची गोष्ट बहुतेक वेळा १२ मे २०१७ या शुक्रवारपासून सांगितली जाते. ती दोन महिने आधीपासून सांगायला हवी, कारण त्या दिवशी बळी पडलेल्या बहुतेक कॉम्प्युटरांना वाचण्याची संधी आधीच मिळून गेली होती, आणि तीही फुकटात. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

१४ मार्च २०१७. ५९ दिवस आधी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजमधल्या दोषांवरच्या दुरुस्त्या देते. फेब्रुवारीतला मंगळवार कंपनीने ऐनवेळी पुढे ढकलला होता, त्यामुळे मार्चचा गठ्ठा मोठा होता. त्यात एमएस१७-०१० या क्रमांकाची एक दुरुस्ती होती आणि तिच्यावर ‘क्रिटिकल’ असा शेरा होता.

दोष होता एसएमबीमध्ये. ऑफिसातली कॉम्प्युटरं एकमेकांच्या फाईली उघडतात, एकच प्रिंटर सगळे वापरतात, ते या यंत्रणेमुळे. तिच्या जुन्या आवृत्तीत अशी फट राहिली होती, की नेटवर्कवरून मुद्दाम रचलेला संदेश पाठवला की समोरचं मशीन पाठवणाऱ्याचा प्रोग्राम चालवू लागे. मशीनसमोर बसलेल्याने काहीही उघडायची, कशावरही क्लिक करायची गरज नव्हती. ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला योग्यच आहे, पण या फटीपुढे त्याचा काही उपयोग नव्हता.

दुरुस्ती विंडोज ७, ८.१ आणि १० साठी आली. विंडोज एक्सपीसाठी आली नाही, कारण तिचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता.

त्या आठवड्यात जगभरच्या पडद्यांवर ती ओळखीची चौकट आली: अपडेट तयार आहे, आता रीस्टार्ट करायचं की नंतर? ‘नंतर’ म्हणणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही. इस्पितळातलं मशीन तपासणीच्या यंत्राला जोडलेलं असतं आणि यंत्र पुरवणारी कंपनी ‘आम्हाला विचारल्याशिवाय काही बदलू नका’ म्हणून बजावून गेलेली असते. हिशेबनीसाला मार्चअखेर गाठायची असते. आपल्याकडे आणखी एक कारण होतं, आणि अजूनही आहे. गल्लीतल्या दुकानात फॉरमॅट मारून चोरीची विंडोज टाकून घेतली, की दुकानदार जाताना सांगतो: ‘अपडेट बंद करून ठेवलंय, चालू करू नका, नाहीतर स्क्रीन काळी होईल.’ गिऱ्हाईक ते इमानाने पाळतं. त्या एका वाक्याने किती मशीनं वर्षानुवर्षं उघडी राहिली असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

१४ एप्रिल. २८ दिवस आधी

भारतात आंबेडकर जयंतीची सुट्टी, जगात बऱ्याच ठिकाणी गुड फ्रायडेची. त्या दिवशी ‘शॅडो ब्रोकर्स’ असं नाव घेणाऱ्या टोळीने हत्यारांचा एक गठ्ठा इंटरनेटवर उघड्यावर टाकला. ही हत्यारं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरलेली असल्याचं मानलं जातं. त्यातलंच एक ‘इटर्नलब्लू’. एसएमबीमधल्या त्याच फटीतून आत शिरणारं.

तोवर त्या फटीचा उपयोग करायला मोठी विद्या लागत होती. त्या दिवसापासून ती कोणालाही डाउनलोड करता येऊ लागली. दुरुस्ती येऊन एक महिना झाला होता. ज्यांनी ती घेतली होती, त्यांच्यासाठी हा गठ्ठा निकामी होता.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, माहिती विभागाने मार्चमध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये आपल्या संस्थांना ही दुरुस्ती बसवा म्हणून इशारे पाठवले. १२ मेच्या आधी त्या विभागाने २३६ पैकी ८८ ट्रस्टची, म्हणजे इस्पितळं आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांची, सायबर तपासणी केली होती. त्यांपैकी एकही उत्तीर्ण झाला नव्हता.

१२ मे, शुक्रवार. दुपारी १:१४

पहिल्या लागणीची नोंद याच सुमाराची आहे, आशियातली. एक मशीन पकडलं की प्रोग्राम दोन कामं एकदम सुरू करी. एक, त्या मशीनवरची कागदपत्रं, फोटो, हिशेब, डेटाबेस कुलूपबंद करणं. दोन, त्याच ऑफिसच्या नेटवर्कवर आणि बाहेरच्या इंटरनेटवरही तीच फट असलेली दुसरी मशीनं शोधणं. प्रत्येक नवं मशीन पुन्हा तेच करी. म्हणून याला व्हायरसपेक्षा वर्म म्हणणं बरोबर.

सुरुवातीला मात्र तो एक विचित्र गोष्ट करायचा. अक्षरांची निरर्थक लांबलचक माळ असलेल्या एका वेबपत्त्यावर हाक मारून बघायचा. उत्तर आलं तर गप्प बसायचा, नाही आलं तर कामाला लागायचा. त्या क्षणी तो पत्ता कोणाच्याही मालकीचा नव्हता, त्यामुळे उत्तर येत नव्हतं.

दुपार उलटताना

स्पेनमध्ये टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीच्या मुख्यालयात ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली: कॉम्प्युटर बंद करा. ही सूचना शहाणपणाची होती. आपल्यावर वेळ आली तर पहिलं काम हेच: केबल उपटा, वायफाय बंद करा, म्हणजे शेजारचं मशीन तरी वाचेल.

संध्याकाळी ५:३०

ब्रिटनमध्ये दुपारचा एक. एनएचएसच्या ट्रस्टकडून पहिल्या तक्रारी यायला लागल्या होत्या. पडद्यावर लाल खिडकी. उजवीकडे मजकूर, वर भाषा निवडायची यादी. धमकी अठ्ठावीस भाषांत वाचता येत होती. डावीकडे एकाखाली एक दोन घड्याळं उलटी धावत होती. पहिलं शून्यावर आलं की ३०० डॉलरची खंडणी ६०० होणार, त्याला मुदत तीन दिवस. दुसरं शून्यावर आलं की फाईली कायमच्या गेल्या, त्याला मुदत सात दिवस. खाली बिटकॉइनचा पत्ता आणि दोन बटणं: पैसे भरले का ते तपासा, आणि फाईली उघडा. विश्वास बसावा म्हणून काही फाईली फुकट उघडून दाखवायचीही सोय होती.

या खिडकीमागचा व्यवहार मुळातच खोटा होता. पैसे भरायचे बिटकॉइन पत्ते प्रोग्राममध्ये फक्त तीन लिहिलेले होते. जगभरचे लोक त्याच तीन ठिकाणी पैसे भरत होते, आणि कोणत्या मशीनचे पैसे आले हे ओळखण्याची सोय नीट केलेलीच नव्हती. ज्यांनी पैसे भरले, त्यांनाही फाईली परत मिळण्याचा भरवसा नव्हता. या साऱ्या उत्पातातून जमा झाले ते सुमारे १ लाख ३० हजार डॉलर.

आणि बॅकअप? विंडोज जुन्या फाईलींच्या ज्या छाया-प्रती स्वतःहून ठेवते, त्याही हा प्रोग्राम पुसून टाकायचा. जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क, खोचलेला पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर, जे जे मशीनला दिसे ते ते कुलूपबंद. म्हणून बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली ठेवू नये. आठवड्यातून एकदा जोडावी, फाईली उतरवाव्यात, काढून कपाटात ठेवावी. शिवाय क्लाउडवर एक प्रत असावी, जुन्या आवृत्त्या परत मिळवता येतील अशी. नाहीतर कुलूपबंद फाईलच वर चढते आणि चांगल्या प्रतीची जागा घेते. आणि मधूनमधून त्या बॅकअपमधली एखादी फाईल खरोखर उघडून बघावी.

रात्री ८:३०

एनएचएस इंग्लंडने ‘मोठी दुर्घटना’ जाहीर केली. काही इस्पितळांनी अपघात विभागाकडे येणाऱ्या अँब्युलन्स दुसरीकडे वळवल्या. कर्मचारी कागद-पेनवर आले, व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप देऊ लागले. पुढच्या हिशेबात इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसल्याचं दिसलं, आणि रद्द झालेल्या भेटी व शस्त्रक्रिया मिळून आकडा सुमारे १९,००० असावा असा अंदाज निघाला. ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बसलेल्या माणसाला घरी पाठवण्याचं कारण एक न बसवलेलं अपडेट होतं. आपण या विषयाला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणतो, तेव्हा तो माणूस नजरेआड होतो.

रात्री ८:३३

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये मार्कस हचिन्स हा बावीस वर्षांचा संशोधक सुट्टीवर असूनही, जेवण करून आल्यावर या प्रोग्रामचा नमुना चिरत बसला होता. त्याला तो बेवारस वेबपत्ता दिसला. अशा टोळ्यांचे पत्ते आपल्या ताब्यात घेऊन लागण कुठे पसरते आहे ते मोजणं हे त्याचं रोजचं काम. त्याने १०.६९ डॉलर भरून तो पत्ता आपल्या नावावर केला. हाकेला उत्तर जायला लागलं आणि नवी मशीनं पकडणं ओसरलं. आपण लगाम खेचला आहे हे त्याला आणि इतरांना नंतर उमगलं.

पण आधी कुलूपबंद झालेल्या फाईली तशाच राहिल्या. आणि ज्या ऑफिसांत इंटरनेट प्रॉक्सी या मधल्या सर्व्हरमार्फतच मिळे, तिथून हाक त्या पत्त्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे तिथे प्रोग्राम कामाला लागतच राहिला.

१३ ते १५ मे

मायक्रोसॉफ्टने एरवी न केलेली गोष्ट केली: आधार संपलेल्या एक्सपीलाही दुरुस्ती दिली. रेनॉ या मोटार कंपनीने काही कारखाने थांबवले. जर्मनीत रेल्वेस्थानकांवरच्या वेळापत्रकाच्या फलकांवर तीच लाल खिडकी दिसली. आंध्र प्रदेशात पोलिसांची काही कॉम्प्युटरं बंद पडली होती. सोमवारी सुट्टीनंतर ऑफिसं उघडली, तेव्हा केरळातल्या वायनाडमध्ये पंचायतीच्या मशीनवरही तीच खिडकी आली. एकूण १५० देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरं.

सगळ्यांनी बोट दाखवलं ते एक्सपीकडे. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने आपल्याकडच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा लागण झालेल्यांपैकी ९८ टक्के मशीनांवर विंडोज ७ निघाली. म्हणजे ज्या विंडोजला दुरुस्ती १४ मार्चलाच मिळाली होती, तीच. एक्सपीची मशीनं बहुधा लागण होतानाच कोलमडत, त्यामुळे ती पुढे फारसं पसरवू शकली नाहीत.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुमच्या मशीनवर कोणती आहे ते सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडलं की दिसतं. विंडोज अपडेटच्या पानावर शेवटची तपासणी कधी झाली त्याची तारीख असते. ती महिनाभर जुनी असेल, तर आज रात्री जेवायला बसण्याआधी अपडेट सुरू करून द्या. दुकानदाराने ते बंद करून ठेवलं असेल, तर खरी विंडोज घ्या. ते परवडत नसेल तर उबुंटूसारखी फुकट मिळणारी कायदेशीर प्रणाली टाकून घ्या. मेल, ब्राउझर आणि पत्रं टाइप करणं त्यावर होतं.

३ ऑगस्ट २०१८. पंधरा महिन्यांनंतर

तैवानमधली टीएसएमसी, आयफोनच्या चिप बनवणारी कंपनी. कारखान्यात एक नवं यंत्र बसवलं, त्यातलं सॉफ्टवेअर न तपासताच ते नेटवर्कला जोडलं. वॉनाक्रायचाच एक अवतार आतून पसरला आणि कंपनीचे तीन शहरांतले कारखाने अडखळले. सावरायला ६ ऑगस्ट उजाडला. लागण झालेली मशीनं विंडोज ७ ची होती, आणि एमएस१७-०१० ही दुरुस्ती त्यांच्यावर तेव्हाही बसवलेली नव्हती.