वाकळेचा इतिहास कोणी लिहायचा?

लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडला जाताना वाटेत चाकूर लागते. या भागातल्या खेड्यांत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवलेल्या अंथरूण-पांघरुणाला ‘गोधडी’ म्हटले तर कळते. पण घरातला शब्द ‘वाकळ’. या शब्दाचे नाते संस्कृत ‘वल्कला’शी जोडले जाते. ते नाते खरे मानले तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. वल्कले नेसणारा ऋषी, कंथा पांघरणारा नाथपंथी जोगी, ठिगळांचा खिरका घालणारा सूफी आणि अगदी आपल्या काळातले, लोक ज्यांना गोधडेमहाराज असेही म्हणत ते गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या अंगावरच्या चिंध्यांना आपल्या परंपरेने अर्थ दिला. पुरुषाने चिंध्या पांघरल्या की ते वैराग्य ठरते आणि ग्रंथांत शिरते. बाईने त्याच चिंध्या जोडल्या की ते घरकाम ठरते, आणि घरकामाचा इतिहास लिहायची आपल्याकडे रीत नाही.

ठिगळांच्या रचनेचे श्रेय नावानिशी नोंदवल्याचे एक फार जुने उदाहरण मात्र आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंच्या चीवराची कथा येते. मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला विचारले, की अशा आखणीचे चीवर करता येईल का; आनंदाने ते केले. कल्पना कुठून सुचली, कोणी सुचवली आणि कोणी उतरवली, हे सारे तिथे नोंदलेले आहे. वाकळ शिवणारीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. तिलाही शेत दिसत होतेच.

आधुनिक मराठी साहित्याने गोधडीची दखल घेतली नाही असे नाही. डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता आठवीच्या पाठ्यपुस्तकातून असंख्य मुलांपर्यंत पोचली. ललित लेखनात, आत्मकथनांत गोधडी वारंवार येते, आणि बहुतेकदा दोनच अर्थ घेऊन येते: आईची ऊब आणि घरचे दारिद्र्य. दोन्ही अर्थ खरे आहेत. आमचा आक्षेप इतकाच, की या दोन अर्थांनी ती शिवणारीच्या बुद्धीचा विषय झाकून टाकला. बंगालीत जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी कांथार माठ’ (१९२९) या काव्याची नायिका आपली कहाणी कंथेवर सुईने काढते. तिथे ती केवळ माय नव्हे, रचनाकार आहे. ऊब देणारी बाई आपल्याला दिसते, निवड करणारी दिसत नाही.

निवड मात्र पावलोपावली असते. वाकळ घालायचे दिवस म्हणजे उन्हाळा. रास घरात आलेली, पाऊस लांब. वर्षभर गाठोड्यात साठवलेली जुनेरे, धडुती बाहेर निघतात. दंड घालून जोडलेले लुगडे खाली पसरायचे, मध्ये लहानमोठे तुकडे सुरकुती न पडू देता बसवायचे, वरच्या थराला त्यातल्या त्यात धड आणि रंगाने उठून दिसणारे कापड राखायचे. काठाचे तुकडे चौकटीला घ्यायचे की मधोमध, हिरव्याशेजारी तांबडे टाकायचे की पांढऱ्या धोतराची पट्टी, हे तिथेच ठरते. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालत धावदोरा निघतो. मोठी वाकळ एकटीने होत नाही. तीनचार जणी कडांना बसतात, आणि प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. जाणकार बाई बोट ठेवून सांगते, ही ओळ अमकीची.

नमुने कसे पसरत होते, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. यासाठी कागद कधीच लागला नाही. धुतलेली वाकळ भिंतीवर, दगडांवर, बाभळीच्या कुंपणावर वाळत पडते तेव्हा ती गावभर दिसते. येणारीजाणारी थांबून पाहते, पट्ट्या मोजते आणि डोळ्यांत घालून घरी नेते. पहिलटकरीण माहेरहून परतते तेव्हा बाळाच्या दुपट्याबरोबर माहेरची मांडणी सासरच्या गावात येते. मजुरीने वाकळा शिवून देणाऱ्या बायका एका गल्लीतले पाहिलेले दुसऱ्या गल्लीत उतरवतात. ओवी जशी जात्यावरून जात्यावर गेली, दर घरी थोडी बदलली आणि कोणाच्याच मालकीची राहिली नाही, तसेच हे.

या देवाणघेवाणीचे फार गोड चित्र रंगवायचे कारण नाही. नमुना नजरेने घेता येत होता. अंथरूण-पांघरुणाच्या विटाळाचे नियम मात्र कडक होते. ज्यांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड हक्क म्हणून लादले गेले, त्यांच्या वाकळेतला थर आणि वाड्यातल्या गोधडीतला थर एकाच मायेचे म्हणून वाचणे ही लबाडी होईल. कोणाचे जुनेर कोणाकडे गेले आणि कोणाचे कधीच कोणाकडे गेले नाही, याचा हिशेब कापडात आहे. आपल्या ललित गद्यात तो क्वचितच आला.

भाषेच्या सीमाही या कापडाने फारशा मानल्या नाहीत. चाकूर ज्या अहमदपूर-उदगीर पट्ट्यात येते तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होता; मग तो तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. सीमेपलीकडे कन्नडमध्ये हीच वस्तू ‘कौदी’. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंडी’तही शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. ‘महाराष्ट्राची गोधडी’ असे शीर्षक देताना म्हणूनच थोडा संकोच वाटावा.

इतिहासकाराची खरी अडचण वेगळी आहे. वाकळ जुनी होत नाही, ती जिरते. विरलेली वाकळ नव्या वाकळेच्या पोटात थर म्हणून जाते. एका वाकळेत तीन पिढ्यांचे कापड असू शकते आणि वरून फक्त शेवटची दिसते. उसवत गेलो तर सुती नऊवारी, मग छापील पाचवारी, टेरिकॉटचा सदरा, शाळेचा गणवेश असा उलटा कालक्रम हाती लागावा. त्यात लातूर-धाराशिवच्या दक्षिणेकडील गावांची आणखी एक पोकळी: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसे अंथरुणातच गाडली गेली, तिथल्या घरांतले जुने कापड शोधायला आता कुठे जाणार?

नोंद करायची पद्धत आपल्याला ठाऊक नाही, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या त्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. गोधडीबाबत मात्र गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे पुस्तक २०१३ मध्ये आले ते इंग्रजीत, आणि फ्रान्समधील प्रकाशनाकडून.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्यांच्या नावांनिशी लागल्या. त्यानंतर पाच वर्षांनी त्यांतल्या काही जणी आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयात गेल्या. नाव होते म्हणून दावा करता आला. ॲलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) ही कथा आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गांत शिकवली जाते. शहरात शिकलेली मुलगी आजीच्या गोधड्या भिंतीवर लावायला मागते आणि आई त्या रोज पांघरणार असलेल्या धाकटीला देते. वर्गात आपण आईची बाजू घेतो. पण वाकळ वापरून विरून जाणार असेल, तर ती शिवणारीचे नाव, तिचे माहेर आणि कोणत्या थरात कोणाचे कापड आहे एवढे तरी कोणी लिहून ठेवायचे, हा प्रश्न ती बाजू घेतल्याने सुटत नाही.

आता चाकूरच्या बाजारात सुती लुगडे शोधावे लागते. पॉलिस्टरची साडी विरत नाही, मऊ पडत नाही, आणि तिचे थर हातशिलाईत एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे तिची वाकळ मशिनवर घालून घेतात. टिपा सरळ येतात, सगळ्या सारख्या. कोणती ओळ कोणाची, हे त्यांवरून सांगता येत नाही.