एका गोळीची एकवीस वर्षं

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. मोमिनपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या खालाने दिवस राहिलेत का, हे कळावं म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. गोळ्यांनंतर पाळी आली तर दिवस नाहीत. नाही आली तर आहेत, असा सोपा हिशेब होता. पुढे तिचं बाळ व्यंग घेऊन जन्मलं. सगळ्यांनी तिच्या नशिबाला दोष दिला. गोळीचं नाव कुणी काढलं नाही.

त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं मोठ्या मात्रेत असत. गर्भाचे अवयव घडत असतात, नेमक्या त्याच दिवसांत ती पोटात जात. १९६७ मध्ये ब्रिटनच्या डॉ. इझाबेल गाल यांनी या चाचणीचा बाळाच्या मणक्यातील व्यंगाशी संबंध असावा, असा इशारा दिला. १९७८ मध्ये तिथली गोळी बाजारातून गेली. आपल्याकडे सरकारने १९८२ मध्ये बंदी जाहीर केली, पण उत्पादकांनी न्यायालयातून स्थगिती आणली. महिला संघटना आणि काही डॉक्टर लढत राहिले. १९८७ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली. खरं तर लघवीच्या तपासणीतून तेच उत्तर मिळत होतं.

गोळीनेच व्यंग येतं का, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. मात्र १९६७ नंतर ही चाचणी वापरात राहायलाच नको होती, असं २०२० च्या ब्रिटिश चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं.

खालाच्या बाळाचं खरं कारण मला ठाऊक नाही. पण गोळी हातात देताना तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, आणि ती मात्र जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली.