मोझुखिनचा चेहरा : क्रांतिपूर्व रशियन मूकपटाविषयी

चित्रपटाच्या कोणत्याही अभ्यासवर्गात कुलेशोवच्या प्रयोगाची गोष्ट हमखास सांगितली जाते. एका नटाच्या चेहऱ्याचा एकच तुकडा घेऊन त्यापुढे आळीपाळीने तीन दृश्ये जोडली : सूपची थाळी, शवपेटीतील स्त्री आणि खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक, तर कधी वात्सल्य दिसले. निष्कर्ष असा, की चित्रपटातील अर्थ नटाच्या मुद्रेत नसतो, तो दोन दृश्यांच्या जोडणीत असतो. सोव्हिएत संकलनशास्त्राची ही जणू मूळ कथाच आहे. मात्र तो चेहरा कोणाचा होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तो चेहरा इव्हान मोझुखिनचा होता, आणि प्रयोग झाला तेव्हा रशियात तो चेहरा ठाऊक नसलेला प्रेक्षक विरळाच असेल. झारकालीन रशियन चित्रपटाचा तो सर्वांत मोठा नट होता. ज्याला ‘भावशून्य’ म्हटले गेले, तो तुकडा त्याच्या जुन्या चित्रपटातून घेतलेला होता. म्हणजे नव्या कलेचा सिद्धान्त मांडताना जुन्या कलेचा अवशेष कच्चा माल म्हणून वापरला गेला आणि त्या जुन्या कलेला स्वतःचे असे काही सांगायचे होते, हे विस्मरणात गेले. आपल्याकडील फिल्म सोसायट्यांच्या पिढ्यांनी रशियन चित्रपटाचा इतिहास आयझेनस्टाइन आणि पुदोवकिन यांच्यापासून वाचायला सुरुवात केली, त्याचे मूळ या विस्मरणात आहे.

वस्तुस्थिती अशी, की रशियन कथापटाचा आरंभ १९०८ मध्ये झाला. अलेक्सांद्र द्रान्कोव या छायाचित्रकाराने निर्माण केलेला ‘स्तेन्का राझिन’ त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. व्होल्गाकाठच्या बंडखोर कोसॅकची कथा काही मिनिटांत सांगणाऱ्या या चित्रपटासाठी इप्पोलितोव-इव्हानोव या नामांकित संगीतकाराने स्वतंत्र संगीत रचले होते. त्याआधी रशियाचा पडदा पाथे, गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या ताब्यात होता. त्यानंतर अलेक्सांद्र खान्झोन्कोव हा माजी लष्करी अधिकारी निर्मितीत उतरला. १९११ मध्ये त्याने गोंचारोव याच्यासह ‘सेवास्तोपोलचे संरक्षण’ हा पूर्ण लांबीचा युद्धपट केला. त्याच्याच कंपनीत स्तारेविच मृत कीटकांच्या बाहुल्या करून एकेका चौकटीने हलवीत होता. १९१२ मधील ‘कॅमेरामनचा सूड’ या त्याच्या लघुपटात भुंगेरे आणि नाकतोडे मध्यमवर्गीय व्यभिचाराचे नाटक रंगवतात. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, परदेशी चित्रपटांची आवक आटली आणि देशी निर्मितीला एकाएकी भरती आली.

या काळातील सर्वांत समर्थ दिग्दर्शक येव्हगेनी बाउअर. नेपथ्यकार म्हणून नाव मिळवून वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो चित्रपटात आला आणि १९१७ च्या जूनमध्ये क्रिमियात वारला. मधल्या चार-पाच वर्षांत त्याने खोली, खांब, पडदे आणि प्रकाश यांच्या साहाय्याने माणसाचे एकाकीपण दाखविण्याची रीत घडविली. ‘महानगराची मुलगी’ (१९१४) मध्ये शिवणकाम करणारी गरीब मुलगी श्रीमंत प्रियकराला कफल्लक करते. शेवटी तो तिच्या पायऱ्यांवर स्वतःवर गोळी झाडतो आणि ती त्याचे प्रेत ओलांडून मेजवानीला जाते. ‘मृत्यूनंतर’ (१९१५) हा तुर्गेन्येवच्या ‘क्लारा मिलिच’ या कथेवर आधारलेला. त्यातील मेजवानीच्या प्रसंगी कॅमेरा संथपणे माणसांमधून सरकत राहतो आणि बुजऱ्या नायकाचा संकोच प्रेक्षकाला जाणवू लागतो. एकही शब्द न उच्चारता कथेतील मनोविश्लेषण पडद्यावर आणण्याचा हा प्रयत्न साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे.

या चित्रपटांची दोन वैशिष्ट्ये विशेष ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे शोकान्ताची ओढ. ग्रिफिथच्या १९०९ मधील एका चित्रपटात दरोडेखोरांनी वेढलेल्या पत्नीचे संकट पतीला दूरध्वनीवरून कळते आणि तो ऐन वेळी पोहोचतो. प्रोताझानोवने १९१४ मध्ये हेच कथानक घेतले, पण त्याचा नायक उशिरा पोहोचतो आणि त्याला पत्नीचे प्रेत दिसते. दुःखान्त ही रशियन चित्रपटाची ओळखच झाली. इतकी, की परदेशी पाठविण्यासाठी काही चित्रपटांना वेगळा सुखान्त जोडावा लागे.

दुसरे वैशिष्ट्य संथपणाचे. अमेरिकी चित्रपटाचा प्राण गती असेल, तर आपला प्राण निश्चलता, अशी भूमिका १९१६ च्या सुमारास मॉस्कोतील ‘प्रोएक्तोर’ या नियतकालिकाने मांडली. नटाने थांबावे, मुद्रा स्थिर ठेवावी, विचार चेहऱ्यावर उमटेपर्यंत कॅमेऱ्याने वाट पाहावी, अशी ही अभिनयपद्धती. मोझुखिन तिचा सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी. प्रोताझानोवच्या ‘इस्पिकची राणी’ (१९१६) मध्ये पुश्किनचा हर्मान त्याने मुख्यतः डोळ्यांनी उभा केला. तोल्स्तोयच्या ‘फादर सेर्गी’मध्ये राजकुमारापासून वृद्ध भटक्यापर्यंत एक संपूर्ण आयुष्य त्याने साकारले. झारच्या राजवटीत सम्राट आणि धर्मगुरू यांना पडद्यावर दाखविण्यास मनाई होती. त्यामुळे हा चित्रपट राजसत्ता कोसळल्यावरच शक्य झाला आणि १९१८ मध्ये लोकांसमोर आला.

या पार्श्वभूमीवर कुलेशोवच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिले, तर त्यातील गृहीतक डळमळू लागते. तो चेहरा स्थिर होता, पण ती स्थिरता रिकामी नव्हती, ती एका परंपरेने कमावलेली होती. प्रेक्षकाला त्यात भूक आणि शोक दिसला तो केवळ जोडणीमुळे, की त्या चेहऱ्यातून भाव वाचण्याची सवय त्याला मोझुखिननेच आधी लावली होती म्हणून? या प्रश्नाचा निकाल लावता येत नाही, कारण त्या प्रयोगाची फिल्म उपलब्ध नाही आणि त्यात नेमकी कोणती दृश्ये होती याविषयी पुदोवकिन आणि खुद्द कुलेशोव यांची कथने जुळत नाहीत. उरते ती आख्यायिका. आणि कुलेशोव तरी कोण? अठरा वर्षांचा असताना तो बाउअरच्या हाताखाली नेपथ्याचे काम करीत होता. म्हणजे ज्याला आपण पूर्ण विच्छेद समजतो, तेथेही गुरुशिष्याचा धागा आहेच.

पुढची कथा पांगापांगीची आहे. १९१९ च्या फेब्रुवारीत लोकप्रिय नटी व्हेरा खोलोद्नाया ओडेसात इन्फ्लूएन्झाने मरण पावली. त्याच वर्षी २७ ऑगस्टला लेनिनने चित्रपटव्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा हुकूम काढला. १९२० मध्ये मोझुखिन सहकाऱ्यांसह क्रिमियातून निघून पॅरिसला गेला. तेथे तो पुन्हा तारा झाला, पण बोलपट आल्यावर परक्या भाषेने त्याचा घात केला आणि १९३९ मध्ये पॅरिसजवळ विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला.

सुमारे दोन हजार कथापटांपैकी तीनशेदेखील उरले नाहीत. जे उरले त्यांतील अनेकांच्या संवादपाट्या गहाळ झालेल्या. सोव्हिएत संग्रहालयात पडून असलेले हे चित्रपट १९८९ मध्ये इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात एकत्र दाखविले गेले, तेव्हा कोठे जगाला त्यांची ओळख पटली. सत्तर वर्षे त्या परंपरेची साक्ष एका निनावी चेहऱ्यावर निभावली होती आणि त्या चेहऱ्यावर काहीच नाही, असे आपण वर्गावर्गांतून शिकत आणि शिकवीत आलो होतो. कुलेशोवचा प्रयोग यापुढेही शिकवावा. मात्र त्याआधी ‘फादर सेर्गी’ची दोन रिळे तरी विद्यार्थ्यांना दाखवावीत.