अज्ञातवासातील सहजीवन : ॲमस्टरडॅमच्या गुप्त निवासातील स्वभाव व संघर्षांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी सत्तेच्या छळापासून वाचण्यासाठी युरोपातील हजारो ज्यू कुटुंबांनी अज्ञातवास पत्करला. नेदरलँड्समध्ये युद्धापूर्वी सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे १,०७,००० लोकांना छळछावण्यांत धाडण्यात आले आणि त्यांतील जेमतेम ५,००० परत आले. अंदाजे २८,००० लोकांनी लपून राहण्याचा मार्ग स्वीकारला आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश वाचले. बहुतेक कुटुंबांना लपण्यासाठी विखुरावे लागले. मुले एका घरी, आईवडील दुसऱ्या घरी अशी स्थिती होती. फ्रँक कुटुंब एकत्र राहू शकले, हे त्यांचे वेगळेपण होय. मात्र या एकत्र राहण्याचीही किंमत होती. आठ माणसे सुमारे पंचवीस महिने एका बंद जागेत राहिली आणि त्यांच्यातील कलह एका किशोरवयीन मुलीच्या रोजनिशीत नोंदले गेले.

अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी आपल्याकडे प्रामुख्याने आशावादाचा ग्रंथ म्हणून वाचली व शिकवली जाते. तिच्यातील भांडणांकडे व्यक्तींच्या स्वभावदोषांचे दर्शन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. हे कलह स्वभावातून किती उद्भवले व परिस्थितीतून किती, तसेच कलहातील एका पक्षाने लिहिलेली नोंद इतिहासाने कशी वाचावी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

निवासाची रचना व दिनक्रम

५ जुलै १९४२ रोजी थोरली मुलगी मार्गोट हिला जर्मनीतील सक्तीच्या श्रमासाठी हजर होण्याची नोटीस आली. दुसऱ्याच दिवशी ओटो व एडिथ फ्रँक आपल्या दोन्ही मुलींसह प्रिन्सनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागील भागात राहावयास गेले. ही ओटो यांच्याच व्यवसायाची जागा होती. १३ जुलै रोजी त्यांचे व्यवसायातील सहकारी हर्मन फान पेल्स, पत्नी औगुस्टे व मुलगा पीटर यांच्यासह तेथे आले. १६ नोव्हेंबर १९४२ रोजी दंतवैद्य फ्रिट्झ फेफर हे आठवे रहिवासी दाखल झाले.

जागेची वाटणी हा पुढील संघर्षांचा पाया ठरला. फेफर आल्यावर मार्गोट आईवडिलांच्या खोलीत गेली आणि तेरा वर्षांच्या अ‍ॅनला ५३ वर्षांच्या परक्या गृहस्थासोबत एका अरुंद खोलीत राहावे लागले. फान पेल्स पतिपत्नी ज्या खोलीत झोपत, तीच दिवसा सर्वांचे स्वयंपाकघर, जेवणघर व बैठकीची खोली असे. म्हणजे जिच्या भांडखोरपणाची नोंद रोजनिशीत वारंवार येते, त्या औगुस्टे यांना दिवसा स्वतःची म्हणावी अशी जागाच नव्हती.

गोदामातील कामगारांना वरच्या रहिवाशांची कल्पना नसल्याने कामाच्या वेळेत पावलांचा आवाज करणे वा पाणी सोडणे वर्ज्य होते. रागाने बाहेर निघून जाणे, दुसऱ्या घरी दोन दिवस राहणे, शेजाऱ्यापाशी मन मोकळे करणे हे सामान्य कुटुंबातील भांडण निवविण्याचे सर्व मार्ग येथे बंद होते. भांडणारे दोघे त्याच संध्याकाळी त्याच टेबलाशी जेवावयास बसत.

संघर्षाची क्षेत्रे

रोजनिशीतील कलहांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार वस्तूंच्या वाटपाचा. १९४२च्या सप्टेंबरमध्येच चादरी व ताटवाट्या कोणाच्या वापरावयाच्या यावरून दोन गृहिणींत वाद झाला. पुढे अन्नाची टंचाई वाढली, तेव्हा लोणी व मांस यांच्या वाटपावरून खटके उडू लागले. फान पेल्स यांच्याजवळचे पैसे संपत आल्यावर १९४३च्या ऑक्टोबरमध्ये औगुस्टे यांचा फरचा कोट विकावा लागला. ते पैसे युद्धानंतरच्या कपड्यांसाठी राखून ठेवावेत असे पत्नीचे म्हणणे होते, तर घरखर्च भागविणे पतीला निकडीचे वाटत होते. या वादात वरवर पाहता हौस व व्यवहार यांचा झगडा दिसतो. मात्र युद्धानंतर आपण जिवंत असू, आपल्याला नवे कपडे लागतील, हा विश्वासही त्या हट्टामागे होता, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरा प्रकार जागा व वेळ यांचा. १९४३च्या जुलैमध्ये खोलीतील एकुलत्या एका टेबलावरून अ‍ॅन व फेफर यांच्यात वाद झाला. आठवड्यातून दोन दुपारी आपल्याला टेबल अधिक वेळ मिळावे एवढीच अ‍ॅनची मागणी होती. फेफर यांनी नकार दिला आणि शेवटी ओटो यांना मध्यस्थी करावी लागली. फेफर त्या टेबलावर अभ्यास करीत, तर अ‍ॅनला वाचन-लेखन करावयाचे होते. दोघांनाही कामाच्या त्या तासाभरात आपण केवळ लपलेली माणसे नाही, असा दिलासा मिळत होता. म्हणूनच कोणी मागे हटत नव्हते.

तिसरा प्रकार अधिकाराचा. अ‍ॅनला वळण कसे लावावे यावर फान पेल्स पतिपत्नी उघडपणे मत देत आणि फ्रँक कुटुंबाला ते खटके. आई एडिथ व अ‍ॅन यांच्यातील दुरावा याच वर्गात मोडतो. आईपासून दूर होऊन स्वतःची ओळख शोधणे ही या वयातील स्वाभाविक प्रक्रिया आहे. येथे मात्र दूर जाण्यासाठी भौतिक अंतरच उपलब्ध नव्हते.

साक्षीदार आणि पक्षकार

या सर्व कलहांचे मुख्य समकालीन साधन अ‍ॅनची रोजनिशी हेच आहे आणि अ‍ॅन स्वतः त्यांतील एक पक्ष होती. शिवाय हे साधन एकसंध नाही. १९४४च्या मार्चमध्ये लंडनहून झालेल्या नभोवाणीवरील भाषणात डच मंत्री खेरिट बोल्केस्टाइन यांनी नागरिकांना रोजनिशा व पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर मे महिन्यापासून अ‍ॅनने प्रकाशनाच्या हेतूने पुनर्लेखन सुरू केले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली संहिता ओटो यांनी दोन्ही लेखनांतून सिद्ध केली. १९८६च्या चिकित्सक आवृत्तीमुळे तिन्ही संहिता तुलनेसाठी उपलब्ध झाल्या, तर आईवडिलांच्या वैवाहिक जीवनाविषयीची ओटो यांनी बाजूला ठेवलेली पाने १९९८ मध्ये उजेडात आली.

अ‍ॅनच्या ठिकाणी आत्मपरीक्षणाची वृत्ती होती, हे येथे नमूद केले पाहिजे. २ जानेवारी १९४४च्या नोंदीत आईविषयीची आपली जुनी पाने वाचून तिला त्यांतील तीव्रतेची लाज वाटल्याचे दिसते. अशी फेरतपासणी फेफर यांच्या वाट्याला मात्र आली नाही. पुनर्लेखनात तिने त्यांना दिलेल्या ‘ड्युसेल’ या टोपणनावाचा जर्मन अर्थच बावळट असा आहे.

फेफर यांची स्थिती इतर सातजणांपेक्षा वेगळी होती. बाकी सर्व आपापल्या कुटुंबासह होते. ते एकटे होते. १९३८च्या अखेरीस जर्मनीतील हिंसाचारानंतर त्यांनी मुलाला इंग्लंडला पाठविले होते. त्यांची सहचरी शार्लोट कालेटा ज्यू नव्हती आणि न्युरेंबर्ग कायद्यांमुळे त्यांना विवाह करता आला नव्हता. ती त्याच शहरात राहत असूनही ते कोठे लपले आहेत हे तिला ठाऊक नव्हते. मदतनीस मिप गीस दोघांची पत्रे पोहोचवीत. मिप यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत फेफर हे आकर्षक व सुसंस्कृत गृहस्थ म्हणून दिसतात.

१९५५च्या नाटकात फेफर यांना ज्यू धर्माचारांविषयी अनभिज्ञ दाखविण्यात आले; वास्तविक ते श्रद्धाळू होते. कालेटा यांनी नाटककारांकडे याची तक्रार केली, पण पात्र बदलले नाही. पुढे त्यांनी ओटो व मिप यांच्याशी संबंध तोडले. ज्या माणसाची स्वतःची बाजू मांडणारी रोजनिशी उरली नाही, त्याच्या स्मृतीवर झालेला हा अन्याय होय.

अटकेनंतरचे पुरावे

४ ऑगस्ट १९४४ रोजी आठही जणांना अटक झाली. ३ सप्टेंबर रोजी वेस्टरबॉर्कहून ऑश्वित्झकडे निघालेल्या शेवटच्या गाडीत ते सर्व होते. त्यानंतरची माहिती वाचलेल्यांच्या साक्षींतून मिळते आणि ती स्वभावचित्रणाच्या प्रश्नावर महत्त्वाचा प्रकाश टाकते.

ऑश्वित्झमध्ये एडिथ व त्यांच्या मुली एकमेकींना सोडत नसत. आई आपल्या वाट्याचा पाव मुलींसाठी राखून ठेवी, असे सहबंदिवान स्त्रियांनी सांगितले आहे. गुप्त निवासात अबोल व आळसट मानला गेलेला पीटर छावणीत आजारी ओटो यांना अन्न आणून देत असे, असे ओटो यांनी पुढे सांगितले. बेर्गेन-बेल्झेनमध्ये अ‍ॅनची बालमैत्रीण हाना गोस्लार कुंपणापलीकडे आहे हे कळताच अ‍ॅनला तेथे बोलावून आणणारी स्त्री औगुस्टे फान पेल्स हीच होती. रोजनिशीतील उथळ, कटकटी ‘श्रीमती फान दान’ आणि ही स्त्री एकच आहेत.

आठांपैकी केवळ ओटो वाचले. हर्मन यांना ऑश्वित्झमध्ये मारण्यात आले. फेफर २० डिसेंबर १९४४ रोजी नोयेनगामे येथे, एडिथ ६ जानेवारी १९४५ रोजी ऑश्वित्झमध्ये, तर मार्गोट व अ‍ॅन १९४५च्या प्रारंभी बेर्गेन-बेल्झेन येथे मरण पावल्या. औगुस्टे व पीटर यांचाही त्याच वसंत ऋतूत अंत झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गुप्त निवासातील बहुसंख्य कलह टंचाई, जागेचा अभाव व बाहेर पडण्याची अशक्यता यांतून उद्भवले; स्वभावभेदांनी त्यांना रूप दिले, जन्म दिला नाही. छावणीतील परिस्थिती कितीतरी अधिक भीषण असतानाही हीच माणसे एकमेकांना धरून राहिली, यावरून केवळ हालअपेष्टा माणसांना भांडखोर बनवितात असेही म्हणता येत नाही. गुप्त निवासात अजून वाटून घेण्यासारखे काही होते, उद्याची आशा होती आणि म्हणून हक्काची भाषाही होती.

दुसरी, रोजनिशीची सचोटी व तिची एकपक्षीयता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक मान्य केल्याने दुसरी नाकारावी लागत नाही.

तिसरी गोष्ट अध्यापनाशी संबंधित आहे. वर्गात या ग्रंथातील पात्रांचे स्वभावविशेष विचारले जातात, तेव्हा ‘ड्युसेल’ व ‘श्रीमती फान दान’ ही कल्पित पात्रे नसून हत्याकांडात बळी गेलेली माणसे आहेत, याचे भान विद्यार्थ्यांना दिले पाहिजे. फ्रिट्झ फेफर या नावाने त्यांचा उल्लेख करणे, हा त्या भानाचा किमान आरंभ ठरेल.