क्लास, ऑब्जेक्ट आणि सदस्यांची गोपनीयता

संगणकाच्या आज्ञावलीत ‘क्लास’ म्हणजे आराखडा आणि ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्या आराखड्याबरहुकूम स्मृतीत तयार होणारी वस्तू. नॉर्वेतील ‘सिम्युला ६७’ या भाषेतून ही कल्पना पुढे आली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून ‘सी’ भाषेला तिची जोड दिली. १९८३ मध्ये त्या भाषेचे ‘सी प्लस प्लस’ असे नामकरण झाले.

बँकेच्या ‘खाते’ या क्लासमध्ये ‘शिल्लक’ हा सदस्य ‘पब्लिक’ ठेवल्यास आज्ञावलीतील कोणतीही ओळ त्यात उणे रक्कम लिहू शकते. तो ‘प्रायव्हेट’ केल्यास बाहेरून थेट त्याचे नाव घेणारी ओळ कम्पायलर नाकारतो. मग रक्कम काढण्याचे काम क्लासच्या ‘उचल’ या फंक्शनमधूनच होते आणि पुरेशा शिलकीची तपासणी एकाच ठिकाणी राहते.

हे बंधन मात्र ऑब्जेक्टनिहाय नसून क्लासनिहाय असते. एका खात्यावर चालणारे फंक्शन त्याच क्लासच्या दुसऱ्या खात्याची शिल्लकही बदलू शकते. शिवाय ‘प्रायव्हेट’ केल्याने स्मृतीतील माहिती कुलूपबंद होत नाही. हे संरक्षण प्रोग्रामरच्या चुकांपासून आहे, चोरीपासून नव्हे.