मातीचा नाग

आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत ‘दक्षिण सातारा’च होतं. १९४९ साली साताऱ्यातून निघालेला हा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला, पण तिचं माहेर बत्तीस शिराळ्याचं आणि तिच्या गोष्टी त्याहून जुन्या. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरातली बाई मातीचा नाग पुजत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नाग पुजशील का? ती हो म्हणाली आणि शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग आले.

आम्ही पोरं नागासाठी कान टवकारायचो. आजी मात्र विचारायची, “आन् त्यो मातीचा नाग कुनी केला हुता?” तिच्या माहेराला लागूनच कुंभारवाडा.

तिथली कामं तिला पाठ होती. तळ्यातली माती वाळवून चाळायची, लीद आणि राख कालवून तुडवायची. चाकावरून दोऱ्यानं कापून उतरवलेलं मडकं जरा आंबट-ओलं असतानाच आतून गुंडा धरून बाहेरून थापटण्यानं वाढवायचं. मग गोवऱ्या-पेंढ्यांत आवा रचायचा. त्या रात्री पाऊस आला की महिन्याची मेहनत चिखलात. मोबदला खळ्यावर, बलुत्याच्या धान्यात. माती, लीद, गोवऱ्या सगळं बायका ओढायच्या, चाकाला मात्र त्यांनी हात लावायचा नाही. आजीला यात वावगं वाटत नसे, मला मात्र वाटतं.

कारण जगात उलटंही आहे. अमेरिकेत अरिझोनातल्या होपी-टेवा लोकांत मडकी बायकाच घडवतात, तीही चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकमेकींवर चढवून. त्यांच्यातल्या नाम्पेयोनं सिक्यात्की या उजाड गावातल्या जुन्या खापरांवरची नक्षी आपल्या मडक्यांवर आणली. १८९५ मध्ये तिथं उत्खनन झालं, तेव्हा तिच्यापुढं आणखी नमुने आले. पुढं दृष्टी गेली, तरी ती हातांच्या अंदाजानं मडकी घडवत राहिली. रंगवायच्या घरातल्या लेकीबाळी. १९४२ मध्ये ती वारली. तिच्या नाती-पणतींनी हे काम चालू ठेवलं, आणि ठेवता आलं, कारण त्या मडक्यांना पैसे मोजणारं गिऱ्हाईक होतं.

आमच्याकडं ते गिऱ्हाईकच गेलं. आधी ॲल्युमिनियम आलं, मग प्लास्टिक, मग फ्रीज. बलुतं मोडलं. कऱ्हाड-सांगलीकडच्या कितीतरी कुंभारांनी चाक सोडून वीटभट्टी धरली. उन्हाळ्यात रस्त्याकडेला दिसणारे तांबडे माठही पुष्कळदा गुजरात-राजस्थानातून ट्रकनं आलेले असतात. उरले ते सण: बेंदराचे बैल, घटस्थापनेचा घट, संक्रांतीची सुगडी.

आणि नाग. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि पुढं उच्च न्यायालयाच्या आदेशांनी शिराळ्यातले जिवंत नागांचे खेळ बंद झाले. गावाला त्याचं दुःख आहे, ते मी समजू शकतो. पण नाथ येण्याआधी त्या घरात पुजला जात होता तो मातीचाच नाग, हे गोष्टच सांगते.

सणाच्या चार दिवसांवर कुणाचं वर्षाचं घर चालत नाही. तेव्हा येत्या उन्हाळ्यात माठ घ्याल तो गावच्या कुंभाराकडून घ्या, महिनाभर आधी सांगून. आणि सुगड्यांच्या पाच-दहा रुपयांवर घासाघीस करू नका.